सवलतीचे ग्रंथ आणि आपलें वाचन

(दिंडोरी येथें ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली हा उपकारस्मरणाचा काळ होय. ज्यांनीं या भागांत विश्वासाचें बीं पेरलें ते मिशनरी फादर, उन्हातान्हांत पायपीट करून वाडीवाडीला प्रश्नोत्तरी पाठ करवून घेणारे आमचे मास्तर, आणि स्वतःस अक्षरओळख नसतांही नातवंडांकडून रोज जपमाळ म्हणवून घेणाऱ्या आमच्या आज्या, या सर्वांची आठवण आधींच्या वक्त्यांनीं केलीच आहे. आमच्या वांट्यास आलेला विषय त्या मानानें लहान दिसतो. ज्युबिलीच्या वर्गणींतून कांहीं रक्कम ग्रंथांसाठीं राखून ठेवावी असें ठरलें, तेव्हां आमच्या तरुण मंडळीनें सूचना केली कीं, कागदी पुस्तकांऐवजीं ईशज्ञानशास्त्राचे संगणकीय ग्रंथ घ्यावे, आणि तेही सवलत चालू असतां घ्यावे. ही सूचना स्वीकारावी कीं नाहीं, याविषयीं आम्हांस जें वाटतें तें आज आपणांपुढें ठेवितों.

प्रथम हा व्यवहार काय आहे तें पाहूं. पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचे संगणकीय ग्रंथ विकणारा लोगोस नांवाचा एक धंदा अमेरिकेंत १९९२ सालीं सुरू झाला. कॅथॉलिक वाचकांसाठीं त्याचीच व्हर्बम नांवाची शाखा निघाली. अमेरिकेंत महाविद्यालयांच्या बास्केटबॉलच्या सामन्यांस ‘मार्च मॅडनेस’, म्हणजे मार्च महिन्याचें वेड, असें म्हणतात. १९८५ सालीं त्यांत ६४ संघ खेळूं लागले. पुढें ते आणखी वाढले. याच धर्तीवर लोगोसनें ग्रंथकारांचे सामने लाविले. ६४ ग्रंथकारांच्या जोड्या लावावयाच्या, वाचकांनीं आंतरजालावर मतें द्यावयाचीं, हरला तो बाहेर, जिंकला तो पुढें. अशा सहा फेऱ्या झाल्या म्हणजे एकच उरतो. जो जितका पुढें जाई तितकी त्याच्या ग्रंथांवर सूट अधिक, आणि अखेरच्या विजेत्याच्या ग्रंथांवर सर्वांहून अधिक.

या व्यवहारांत पाप आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ग्रंथ संगणकावर चढविणें, त्यांतील प्रत्येक शास्त्रवचनास खूण लावून तें शोधतां येईल असें करणें, हे मोठ्या श्रमाचें काम आहे, आणि कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे. शिवाय आमच्यासारख्या आडगांवच्या लोकांस त्याचा लाभही मोठा. पुण्याच्या सेमिनरीच्या ग्रंथालयांत जाऊन बसणें आमच्या शेतकऱ्यास किंवा मजुरास कसें घडावें? तेंच पूर्वाचार्यांचे ग्रंथ खिशांतल्या फोनवर उघडतात, ही कृपाच म्हणावयाची. तरी पण पैसा खर्च करण्यापूर्वीं चार गोष्टी नीट पाहाव्या, असें आमचें मागणें आहे.

पहिली गोष्ट भावाची. भाव म्हणजे काय हें दिंडोरीच्या माणसास शिकविण्याची गरज नाहीं. अवकाळी पाऊस पडला कीं द्राक्षाचे मणी तडकतात, आणि काल ज्या मालासाठीं व्यापारी बागेंत हेलपाटे घालीत होता त्याच मालास आज तो पडेल भाव सांगतो. आपणही तो मुकाट्यानें पत्करतों, कारण माल उद्यांपर्यंत टिकणार नाहीं. नासणाऱ्या वस्तूस घाई असते, हें आपण जाणतों. परंतु संगणकीय ग्रंथ नासत नाहीं, तडकत नाहीं, आणि त्याच्या प्रतीही संपत नाहींत. एकदां तयार झाला कीं पुढची प्रत काढावयास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. संत ऑगस्टिन सोळाशें वर्षें आमची वाट पाहत थांबले आहेत. ते या महिन्याअखेर नाहींसे होणार नाहींत. मग घाई कोणास आहे? ती घाई ग्रंथाची नसून विक्रीची आहे. सवलतीची मुदत उलटून जाईल या भीतीनें घेतलेला ग्रंथ बहुधा न वाचलेलाच राहतो. हें आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून बोलत नाहीं. आम्हींच एकदां सवलत पाहून वीस इंग्रजी ग्रंथांचा संच घेतला होता. त्यांतील एकाची प्रस्तावना वाचून झाली. बाकीचे एकोणीस आजवर उघडलेले नाहींत. त्यांत विकणाऱ्याचा दोष कांहीं नव्हता. लोभ आमचा होता.

दुसरी गोष्ट मतांची. ख्रिस्तसभेंत मतदान नाहीं असें नाहीं. पोप महाशयांची निवड कार्डिनल मंडळी मतांनींच करिते, आणि ३७४ सालीं मिलान नगराच्या लोकांनीं एकमुखानें मागणी केल्यावरून संत आंब्रोज बिशप झाले. परंतु कोणता ग्रंथ आपल्या आत्म्यास हितकर आहे, हें बहुमतानें ठरत नाहीं. चौथ्या शतकांत संत अथानेशियस यांना पांच वेळां हद्दपारी भोगावी लागली. त्या काळीं कौल घेतला असता तर कित्येक ठिकाणीं त्यांच्या बाजूस थोडेच लोक निघाले असते. आज त्यांची शिकवण तीच आपली शिकवण आहे. उलट, संत तेरेसा ऑफ लिझ्यू १८९७ सालीं चोविसाव्या वर्षीं एका मठांत वारली, तेव्हां बाहेरच्या जगास तिचें नांवही ठाऊक नव्हतें. १९९७ सालीं ख्रिस्तसभेनें तिला धर्मपंडिता म्हणून गौरविलें. अशा सामन्यांत जें मोजलें जातें तें प्रसिद्धीचें माप असतें. ज्याचें नांव सर्वांस आधींच माहीत तो जिंकतो, आणि त्याचाच ग्रंथ आपल्यापुढें अधिक स्वस्त होऊन येतो. शिवाय असें मत देतांना पुष्कळदां आपला ई-मेलचा पत्ता द्यावा लागतो, आणि मग वर्षभर नव्या सवलतींचीं पत्रें येत राहतात. मत फुकट देतां येतें खरें, पण त्याच्या मागें बाजार उभा असतो.

तिसरी गोष्ट मालकीची, आणि येथें आपण विशेष लक्ष द्यावें अशी विनंती आहे. कागदी पुस्तक विकत घेतलें कीं तें आपलें झालें. तें मुलास द्या, शेजाऱ्यास द्या, देवळाच्या कपाटांत ठेवा. संगणकीय ग्रंथाच्या बाबतींत बहुधा आपण ग्रंथ विकत घेत नसून तो वाचण्याची परवानगी विकत घेतों. २००९ सालीं अ‍ॅमेझॉननें जॉर्ज ऑरवेल यांचीं दोन पुस्तकें ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून काढून घेतलीं, कारण तीं ज्यानें विक्रीस ठेविलीं होतीं त्याला तो हक्कच नव्हता. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ग्रंथांचें दुकान बंद केलें, तेव्हां ग्राहकांचे ग्रंथही उघडेनासे झाले. दोन्ही वेळां पैसे परत मिळाले; ग्रंथ मात्र गेले. आतां आपल्या धर्मग्रामाचा विचार करा. वर्गणी सर्वांची, पण खातें उघडावयाचें तें एका माणसाच्या नांवें. फादरांच्या नांवें उघडलें तर कांहीं वर्षांनीं त्यांची बदली होते. एखाद्या तरुणाच्या नांवें उघडलें तर तो नोकरीस मुंबईला जातो. सर्व धर्मग्रामानें पैसे दिलेलें ग्रंथालय एका फोनमध्यें बसून गांवाबाहेर निघून जाईल. म्हणून खातें कोणाच्या नांवें, तें दुसऱ्यास देतां येईल काय, आणि एका खात्यावर किती जणांनीं वाचलेलें चालतें, या अटी वाचल्यावांचून एक रुपयाही देऊं नये.

चौथी गोष्ट अशी कीं, जें विकत घ्यावयास निघालों तें फुकट मिळतें काय, हें आधीं पाहावें. व्हॅटिकनचें संकेतस्थळ १९९५ सालच्या नाताळांत सुरू झालें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे सोळाही दस्तऐवज, पोप महाशयांचीं परिपत्रकें आणि १९९२ सालची ख्रिस्तसभेची प्रश्नोत्तरी तेथें इंग्रजींत विनामूल्य वाचावयास मिळतात. संत थॉमस अक्वायनस यांचा सुम्मा, तसेच पूर्वाचार्यांच्या ग्रंथांचीं एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी भाषांतरें यांवर आतां कोणाचा हक्क उरलेला नाहीं. तींही आंतरजालावर मोफत आहेत. शोधण्याची सोय हवी असेल तर तिचे पैसे खुशाल द्यावे, पण आपण पैसे देतों ते सोयीचे, हें समजून द्यावे.

आतां मनांतलें सांगतों. इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांनीं आपल्या मराठी भाषेंत अकरा हजारांच्या आसपास ओंव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. या देशाच्या लिपीचे ठसे मिळावे म्हणून १६०८ सालीं त्यांनीं आपल्या वरिष्ठांस लिहिलें. परंतु ठसे मिळाले नाहींत, आणि १६१६ सालीं ग्रंथ रोमन लिपींत रायतूरास छापावा लागला. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला. त्या छापील प्रतींपैकीं आज एकही उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो छापला, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं तो पुण्यांत देवनागरींत आणला. ज्यांनीं तो उतरून घेतला त्यांनीं कोणत्याही सवलतीची वाट पाहिली नाहीं. त्यांना तो मिस्सेनंतर वाचावयास हवा होता, म्हणून त्यांनीं रात्री जागविल्या.

आणि आपण काय करितों? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें सुबोध बायबल २०१० सालीं निघालें. पुढें २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें, तेव्हां आपण टाळ्या वाजविल्या. तो ग्रंथ आपल्यापैकीं किती घरांत आहे, हें ज्यानें त्यानें घरीं जाऊन पाहावें. १९०३ सालीं सुरू झालेल्या ‘निरोप्या’चे जुने अंक कोणाच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडीं आहेत, तेंही पाहावें. मराठी ईशज्ञानाचा ग्रंथ थोड्या प्रतींत निघतो. त्यावर मोठी सूट देणें कोणास परवडत नाहीं. सूट नाहीं म्हणून आपण तो घेतला नाहीं, तर पुढचा ग्रंथ लिहिला जाणार नाहीं, आणि आपल्या नातवंडांस देवाविषयींचे प्रश्न परक्या भाषेंत विचारावे लागतील.

म्हणून आमची सूचना अशी आहे. आपणही मतें घ्यावीं, पण तीं ग्रंथकारांचीं नव्हेत, प्रश्नांचीं घ्यावीं. प्रत्येक घरानें आपल्याला छळणारा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावा: मृतांसाठीं प्रार्थना कां करावी, निरपराध लेंकरू आजारानें कां गेलें, अन्यधर्मीय सून घरांत आली तर तिच्याशीं कसें वागावें. ज्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या अधिक, त्यावरचा एक ग्रंथ घ्यावा; मराठींत असेल तर पुऱ्या किंमतीनें, नसेल तर इंग्रजी, आणि सवलत मिळाली तर आनंदच आहे. तो वाचून झाल्याशिवाय दुसरा घेऊं नये. ज्यांना इंग्रजी येतें त्या तरुणांनीं दर रविवारीं एक पान मराठींत समजावून सांगावें. उरलेल्या रकमेंतून, ज्यांचा हक्क आहे त्यांची परवानगी घेऊन, आपल्या घरोघरचीं जुनीं मराठी गीतांचीं व प्रश्नोत्तरीचीं पुस्तकें संगणकावर उतरवून घ्यावीं. तो ग्रंथसंग्रह कोणाच्या बदलीबरोबर गांव सोडून जाणार नाहीं.

१८ नोव्हेंबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें प्रकटीकरणाविषयींच्या आपल्या दस्तऐवजांत सर्व भाविकांस पवित्र शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला. तो आग्रह वाचण्याचा आहे. ज्या आजीस अक्षर येत नव्हतें तिनें ऐकून ऐकून अख्खें दुःखसहन पाठ केलें. आपल्या हातांत शेंकडों ग्रंथ येऊनही आपण रिकामे राहिलों, तर पुढच्या ज्युबिलीस तिच्या नांवानें उपकार मानण्याचा अधिकार आपणांस उरणार नाहीं. पवित्र मरिया, ज्ञानाचें आसन, आपणां सर्वांस वाचनाची गोडी देवो, इतकी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.