सीलांच्या दारीं एक सकाळ

शाळेंत छत्तीस वर्षें भूगोल शिकवितांना सील हा प्राणी मीं फळ्यावर अनेकदां काढला असेल. परंतु तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला तो वयाच्या सासष्टाव्या वर्षीं. आपल्या किनाऱ्यावर सील राहत नाहींत. माझी मुलगी ग्लासगोला असते. तिच्याकडे गेलों असतां जूनअखेर तिनें मला स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आरिसेग या खेड्यांत नेलें. तेथील खाडींत लहान लहान खडक विखुरलेले आहेत. ओहोटी लागली कीं ते उघडे पडतात आणि सील त्यांवर येऊन पहुडतात.

त्यांच्या जवळ जाण्याचें साधन म्हणजे कयाक. ही होडी लांबट, अरुंद आणि इतकी बुटकी असते कीं बसणाऱ्याची कंबर जवळजवळ पाण्याच्या पातळीला येते. दोन्ही टोकांना पातें असलेलें वल्हें एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे बुडवावयाचें. आमची होडी दोघांची होती. मागें वाटाड्या, पुढें मी, आणि मांडीवर पाणी न शिरणाऱ्या पिशवींत कॅमेरा.

ही होडी मूळ उत्तर ध्रुवप्रदेशांतील इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलें सीलचें कातडें, आणि उपयोग सीलचीच शिकार! चाहूल न देतां सावजाच्या निकट जावें, यासाठींच तिची घडण. आज ती प्लॅस्टिकची झाली, तरी तिचा गुण तोच राहिला. हें मला ठाऊक होतें. त्याचा अर्थ मात्र त्या सकाळीं कळला.

स्कॉटलंडांत सीलच्या दोन जाती आहेत. करड्या सीलचें नाक लांब असतें व तो शरदांत वितो. साध्या सीलचें तोंड मांजरासारखें वाटोळें. त्याचीं पिलें जून-जुलैंत जन्मतात. तें पिलूं कांहीं तासांतच पोहूं लागतें. पण आईचें दूध त्याला तीनचार आठवडेच मिळावयाचें. तेवढ्या मुदतींत त्याला पुष्ट व्हावयाचें असतें. म्हणून खडकावर निवांत पडलेली मादी आळशी दिसली, तरी ती आपलें कामच करीत असते.

दूरच्या एका खडकावर दहाबारा सील डोकें आणि मागचे पाय वर उचलून, केळ्याप्रमाणें वांकून पडले होते. तेथूनच मीं चार छायाचित्रें घेतलीं. कयाकचा मोठा लाभ हा कीं आपला डोळा सीलच्या डोळ्याच्या पातळीला येतो. उंच धक्क्यावरून पाठ दिसते, येथें मुद्रा दिसते.

वाटाड्यानें नियम सांगून ठेविला होता: एका सीलनें मान उंचावून पाहिलें कीं वल्हें थांबवावें, दुसऱ्यानें पाहिलें कीं मागें फिरावें. आम्ही थोडें पुढें सरकलों, तों एका मादीनें मान उंचावली. तिला पिलूं बिलगलें होतें. मीं तिचें चित्र घेतलें. तेवढ्यावर समाधान मानावें कीं नाहीं? पण मला पिलाचे डोळे हवे होते. वाटाड्या नको म्हणत असतांहि मीं वल्हें उचललें आणि दोन हात मारले. क्षणार्धांत सारा कळप धडाधड पाण्यांत पडला. खडकावर तें पिलूं एकटें राहिलें आणि केविलवाणें ओरडूं लागलें.

“आई येईपर्यंत थांबूं,” मी म्हणालों.

“आपण येथें आहों तोंवर ती येणार नाहीं,” वाटाड्या म्हणाला.

आम्हीं होडी फिरविली. ती परत आली कीं नाहीं, हें मला आजहि माहीत नाहीं.

परततांना एक जुनी गोष्ट आठवली. मी रबरी तळव्यांचे जोडे घालून मागच्या दारानें वर्गांत शिरत असें. बुटांचा खाडखाड आवाज करीत येणाऱ्या मुख्याध्यापकांपेक्षां मुलें मलाच अधिक दचकत. मोटारबोटीची चाहूल सीलला दुरून लागते. कयाक मात्र एकदम पुढ्यांत येते. ती निरुपद्रवी आहे हें आपल्याला ठाऊक. त्यानें तें कशावरून ओळखावें?

ब्रिटनमध्यें करड्या सीलला कायद्याचें संरक्षण १९१४ सालीं मिळालें. स्कॉटलंडच्या २०१० सालच्या सागरी कायद्यानें ठराविक विश्रामस्थळीं सीलांना जाणूनबुजून वा बेपर्वाईनें त्रास देणें हा गुन्हा ठरविला, आणि २०१४ सालीं अशीं १९४ स्थळें निश्चित झालीं. परंतु भर खाडींत शिपाई कोठून असणार? तेथें आपला हात आपणच आवरावयाचा असतो, आणि तेवढेंच मला साधलें नाहीं.

त्या सकाळचीं दोन चित्रें मीं ठेविलीं आहेत. एकांत ती मादी रोखून माझ्याकडे पाहते आहे. येणारेजाणारे त्याचीच वाखाणणी करितात. दुसरें लांबून घेतलेलें. त्यांत सील बोटाच्या पेराएवढे दिसतात, पण सगळे झोपलेले आहेत. भिंतीवर मीं दुसरें लाविलें आहे. आपणांपैकीं कोणी त्या किनाऱ्यावर गेलांत, तर असेंच एखादें चित्र घेऊन या.