राब, रोहिणी आणि दिवाळी अंक : लेखकाच्या वर्षाची चाल

सावकाश जगणे, चालू क्षणाचे भान राखणे आणि ऋतूंच्या कलाने लिहिणे या तिन्ही गोष्टी हल्ली एका दमात सांगितल्या जातात व त्यांचा अर्थ बहुधा विश्रांती असा घेतला जातो; परंतु ज्या मुलखात माणसांची कामे आजही ऋतूच ठरवतो, तिथे पाहिले तर तो माणसाला जितके थांबवतो तितकीच त्याची धांदलही उडवतो, आणि थांबायचे केव्हा व धावायचे केव्हा हे ओळखणे हीच लेखकाने तिथून घ्यावी अशी विद्या आहे.

शहापूर तालुक्यातील, कसारा रेल्वेमार्गावरील खर्डी आणि पलीकडचा मुरबाड तालुका हा असाच मुलूख आहे. येथील मुख्य पीक पावसाळी भात. पण भाताचे वर्ष पावसाच्याही आधी, उन्हाळ्यात, राबाने सुरू होते. राब म्हणजे ज्या तुकड्यात पुढे रोपे तयार करायची, त्या जमिनीवर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून, वर मातीचा पातळ थर पसरून ते भाजणे. तो वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, त्यामुळे जाळ भडकून पुढे न धावता धुमसत, इंचाइंचाने सरकतो, जमीन खोलवर तापते, तणाचे बी मरते आणि राख खत म्हणून मागे राहते. फांद्यांसाठी होणाऱ्या तोडीमुळे या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आहेत व ते रास्तही आहेत. तरीही पेरणीच्या कितीतरी आधी जमीन तयार करण्याची ही चिकाटी लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे पाऊस स्थिरावला, रोपे वाढली, की आवणी, म्हणजे चिखल केलेल्या खाचरात रोपांची लावणी, सुरू होते आणि तेव्हा मात्र घरात कोणी बसून राहत नाही, कारण रोप जून झाले तर फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते.

हे सारे कोणत्या मापाने मोजले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. सण चांद्र महिन्यांनी चालतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून साधारण तिसऱ्या वर्षी अधिक महिना घालून ही तूट भरून काढावी लागते. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्य आकाशात कोणत्या नक्षत्रात आहे यावरून ठरतात, त्यामुळे रोहिणी दरवर्षी मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास आणि मृग जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागतो. शेतकरी ही दोन्ही मापे सहज वापरतो. रोहिणी-मृगाच्या सुमारास, पहिल्या सरींबरोबर, रानात शेवळे निघतात. शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातील एका रानकंदाचा जमिनीतून सरळ वर येणारा तपकिरी-जांभळा फुलोरा, जो पानाच्या आधी येतो; त्याची भाजी काकडाच्या आंबट फळांची जोड न देता केली तर घसा खवखवतो, आणि तिचा हंगाम दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. रानातून शेवळे खुडून आणणाऱ्या आणि ठाणे-कल्याणच्या बाजारात वाटे मांडून बसणाऱ्या आदिवासी स्त्रियांकडे जे लक्ष असते, तेच खरे सावधपण. त्यासाठी वेगळी साधना त्यांना करावी लागत नाही. मात्र या जीवनाला शहरी माणसाने निवांत म्हणू नये, कारण भात घरात आल्यावर याच पाड्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या वर्षात रिकामा असा ऋतूच नाही.

मराठी गद्यात ऋतूंच्या या चालीला सर्वांत समर्थ रूप दिले ते दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांनी. त्यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचा एकेक महिना त्यात एकेका ललित निबंधाचा विषय झाला. लोकसाहित्याच्या आणि मानववंशशास्त्राच्या या अभ्यासक लेखिकेची बरीच हयात मुंबईत गेली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ऋतू पाहण्यासाठी गावी जाऊन राहावे लागते या समजुतीला हे पुस्तक छेद देते. शिवाय मुंबई ऋतूंपासून तुटलेली नाहीच, कारण शहापूर तालुक्यातील तानसा तलाव १८९२ पासून या शहराला पाणी पुरवतो, म्हणजे खर्डीच्या आसपासच्या डोंगरांवर कोसळणारा आषाढच मुंबईच्या नळांना येतो. ‘ऋतुचक्र’ची थोरवी वर्णनांच्या सौंदर्यात आहेच, परंतु त्याहून अधिक ती तेच झाड महिन्यामागून महिना पुन्हा पाहण्याच्या धीरात आहे, एका सहलीत गोळा केलेल्या सामग्रीतून असे पुस्तक उभे राहणे शक्य नाही.

मराठी लेखकाच्या वर्षाला आणखी एक हंगाम आहे आणि तो माणसाने घडवलेला आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून रुजलेल्या परंपरेमुळे पावसाळा हा असंख्य मराठी लेखकांचा लिहिण्याचा काळ झाला, कारण अश्विनात छापून यायचे तर मजकूर त्याआधीच संपादकाच्या हाती पडावा लागतो. या मुदतीमुळे पुष्कळ घाईचे लेखन होते, अशी तक्रार ऐकू येते. पण त्याचा दोष मुदतीवर ढकलणे अन्याय्य आहे. राब वेळेवर भाजलेला असेल तर आवणीची धांदल पिकाला मानवते, आणि ज्याच्या वहीत फाल्गुनापासूनच्या नोंदी साठल्या आहेत, त्याला श्रावणातली घाई बाधत नाही.

परदेशस्थ मराठी लेखकापुढची अडचण निराळी आहे, कारण त्याच्या भिंतीवरचे पंचांग आणि खिडकीबाहेरचा ऋतू यांचा मेळ बसत नाही. ऑस्ट्रेलियात तर गुढीपाडव्याला पानगळीचे दिवस असतात. अशा वेळी आठवणीतला मृग पुन्हा पुन्हा लिहिण्याचा मोह होतो आणि त्या लेखनात ओल राहत नाही. त्यापेक्षा कॅनडात फाल्गुन-चैत्रात, रात्री गोठवणाऱ्या आणि दिवस शून्याच्या वर जाणारे असताना, मेपलच्या खोडातून रस कसा वाहू लागतो, तो कधी थांबतो, त्या दिवसांत कोणते पक्षी परततात, हे मराठीत टिपले जायला हवे. एका वर्षाच्या नोंदींवर लेख लिहायला बसू नये. दुसऱ्या वर्षी तीच झाडे पुन्हा पाहावीत, कारण यंदा काही लवकर आले की उशिरा, हे त्याशिवाय कळत नाही.