परवानगीशिवाय एक सभा

(मंडळाच्या गोवा क्रांतिदिन कार्यक्रमात केलेले भाषण)



मी सरकारी नोकर. डिप्लोमा करून खात्यात लागलो, त्याला वीसेक वर्षे झाली. रोज माझ्या टेबलावरून अर्ज जातात. यंदाच्या चवथीचा मंडप आणि लाऊडस्पीकर, दोन्हींचे अर्ज मंडळाने माझ्याकडूनच लिहून घेतले आहेत! त्यामुळे १९४६ सालच्या गोव्याविषयी वाचताना मी अडतो तो ‘परवानगी’ या शब्दापाशी.

त्या काळी सभा घ्यायची तर आधी परवानगी. काही छापायचे तर आधी सेन्सॉर, मग ती लग्नाची आमंत्रणपत्रिका का असेना. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांनी १९२८ सालीच गोवा काँग्रेस कमिटी स्थापली होती, पण इथे उघडपणे बोलायचे कुठे?

डॉ. राममनोहर लोहिया तेव्हा नुकतेच इंग्रजांच्या तुरुंगातून सुटले होते. प्रकृती खालावलेली. जूनमध्ये ते असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीला आले. दोघांची ओळख बर्लिनमध्ये शिकत असतानाची. पण विश्रांती कसली! लोक भेटायला येऊ लागले, गाऱ्हाणी सांगू लागले. १८ जूनला मडगावात सभा ठरली. परवानगी काढलेली नव्हती. धो धो पाऊस. कॅप्टन मिरांडाने पिस्तूल काढले. लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला केले आणि बोलायला सुरुवात केली. थोड्याच वेळात दोघांनाही अटक झाली.

त्या दिवशीची मागणी काय होती? सभा घेऊ द्या, बोलू द्या, छापू द्या. ‘चालते व्हा’ ही पुढची गोष्ट. पण एवढीशी मागणीही सरकारला पेलली नाही. कुन्हांवर लष्करी न्यायालयात खटला चालवून त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेले. पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही तिकडेच धाडले. सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा आले, तर त्यांना कुळ्यालाच धरून आग्वादच्या किल्ल्यात ठेवले. मुक्ती यायला १९६१ चा डिसेंबर उजाडला.

आता घरचे थोडे सांगतो. आमचे आजोबा पोर्तुगीज कचेरीत कारकून होते. त्या दिवशी ते मडगावातच होते. एका दुकानाच्या पडवीत छत्री मिटून उभे राहिले, मैदानात उतरले नाहीत. कचेरीतले कोणी पाहिले असते तर नोकरी गेली असती, आणि घरात खाणारी तोंडे सात. त्या रात्री ते जेवले नाहीत, असे आजी सांगायची.

शाळेत असताना मी त्यांना विचारले होते, “आजोबा, तुम्ही पुढे का नाही गेलात?”

“पाऊस फार होता रे,” एवढेच म्हणाले.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज मीही पगारावर घर चालवतो. त्या पडवीतून मी खाली उतरलो असतो का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.