शरदांतील गळ

तेरखेडा म्हटलें कीं आपणांस फटाके आठवतात. दिवाळीपूर्वीं आमचें गांव शोभेच्या दारूकामांत गर्क असतें. नेमक्या त्याच दिवसांत मी व माझे एक वृद्ध शेतकरी स्नेही खांद्यावर वेळूच्या काठ्या टाकून मांजरेच्या कांठीं जातों. मीं शाळेंतून निवृत्ति घेतल्यापासूनचा आमचा हा नेम आहे.

पावसाळ्यांत नदी गढूळ असते, आणि बहुतेक माशांचा विणीचा काळहि तोच. आश्विनांत गाळ खालीं बसतो, पाणी निवळतें, आणि गळाला मासा लागूं लागतो. पिसांची बनावट माशी पाण्यावर नाचवून मासा फसविण्याची विलायती कला थंड प्रवाहांतील ट्राउट माशासाठीं प्रसिद्ध आहे. आमच्या मरळीस मात्र बेडकीच रुचते. ही मरळ हवा घेण्यासाठीं मधून मधून वर येते. त्या बुडबुड्यांवरून जाणता मनुष्य तिचा ठाव ओळखतो.

हा छंद आमच्या प्रांतास नवा नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें १२व्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना चारावयाचें खाद्य, गळ टाकण्याची रीत, या सर्वांचा विचार त्यांत केलेला आहे. हें मी माझ्या स्नेह्यांस मोठ्या ऐटीनें सांगत असें. परंतु खरा पाठ त्यांनींच मला दिला.

एके वर्षीं घटस्थापनेच्या सुमारास एका डोहांत पाण्यावर तांबूस पट्टा हालतांना दिसला. तीं मरळीचीं पिलें होतीं. मरळीचें जोडपें आपल्या पिलांच्या खालीं राहून त्यांची राखण करतें.

“मास्तर, लेकुरवाळी हाय ती. गळ काढा,” स्नेही म्हणाले.

मीं ऐकलें नाहीं. राखणीस असलेली मरळ पिलांजवळ आलेल्या कोणत्याहि वस्तूवर धांवून जाते, हें मला ठाऊक होतें. त्याचाच मीं फायदा घेतला. मोठी मरळ कांठावर तडफडूं लागली. स्नेही कांहीं बोलले नाहींत. आपली काठी उचलून ते घरीं गेले.

दुसऱ्या दिवशीं मी एकटाच त्या डोहावर गेलों. पट्टा विखुरला होता. थोडींशीं पिलें इकडे तिकडे फिरत होतीं, आणि मोठे मासे त्यांवर झडप घालीत होते. एकटी उरलेली मरळ त्यांना पुरी पडली नसावी. सारा जन्म दुसऱ्यांचीं मुलें सांभाळण्यांत गेलेल्या शिक्षकाला तें दृश्य पाहवलें नाहीं.

त्या शरदांत स्नेही पुन्हां आले नाहींत. पुढील वर्षीं मींच त्यांच्या दारीं गेलों व म्हणालों, “चला, आतां डोह तुम्हीं निवडावा.” ते हंसले आणि काठी घेऊन निघाले. तेव्हांपासून तांबूस पट्टा दिसला कीं आम्ही दोघेहि गळ गुंडाळून ठेवतों व बसून पाहतों.

श्रोतेहो, गळ कसा टाकावा हें पुस्तकांतूनहि शिकतां येईल. तो केव्हां टाकूं नये, हें सांगणारा मित्र मात्र भाग्यानेंच लाभतो.