पोटातील दाब : हाताने नव्हे, मापाने
(मानोरा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक. बी. ए., बी. एड. झालेला माणूस वैद्यकावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. मी डॉक्टर म्हणून बोलत नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर अनेक रात्री बसलेला एक नातेवाईक म्हणून बोलतो आहे. तेथे जे मला ठाऊक नव्हते ते नंतर मी डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके वाचून समजून घेतले. तेच आज आपणांस सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझे थोरले मामू आजारी पडले. पित्ताशयातील खड्यामुळे त्यांच्या स्वादुपिंडाला भयंकर सूज आली होती. मानोऱ्याहून त्यांना आधी जवळच्या गावी व तेथून मोठ्या शहरात नेले. तिसऱ्या दिवशी त्यांचे पोट नगाऱ्यासारखे ताठ झाले. लघवी जवळजवळ थांबली. बाहेर बसलेली आम्ही मंडळी म्हणालो, ‘गॅस झाला असेल.’ कोणी ओव्याचा अर्क आणायला निघाले, कोणी बेंबीला हिंग लावा म्हणाले. एवढ्यात डॉक्टर बाहेर आले. ते म्हणाले, “पोटातला दाब चोवीस झाला आहे. बाकीचे उपाय करून पाहिले, उतरत नाही. पोट उघडावे लागेल आणि काही दिवस उघडेच ठेवावे लागेल. सही करा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मामी म्हणाल्या, “बेटा, तू शिकलेला आहेस. तूच सांग.” मित्रहो, त्या कागदावरचे एकही वाक्य मला समजले नव्हते आणि ते कबूल करण्याची हिंमत मला झाली नाही. ‘घरच्यांना विचारून सांगतो’ म्हणून मी वेळ काढला. सही व्हायला तीन तास लागले.

हा ‘पोटातला दाब’ म्हणजे काय? आपले पोट ही एक बंद खोली समजा. तिला मागे पाठीचा कणा, खाली कमरेची हाडे, वर श्वासाचा पडदा आणि समोर स्नायूंची भिंत आहे. ही भिंत थोडीफार ताणते, पण सोयाबीनचे पोते ठासून भरल्यावर जसे आणखी पायलीभरही घेत नाही, तशी तीही एका मर्यादेनंतर ताणत नाही. आतडी सुजली, पोटात पाणी किंवा रक्त साठले, की त्या खोलीत गर्दी होते आणि दाब वाढू लागतो. हा दाब रक्तदाबाप्रमाणेच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. गंभीर आजारी प्रौढ माणसात तो साधारण ५ ते ७ असतो. तो १२ किंवा त्याहून अधिक राहू लागला की वाढलेला समजतात. २० च्या वर टिकून राहिला आणि त्याबरोबर एखादा नवा अवयव निकामी होऊ लागला, तर त्या अवस्थेला ‘ॲब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. ही जिवावरची अवस्था असते. लहान मुलांत तर दाब १० च्या वर जाऊन अवयव बिघडू लागला तरी धोका मानतात.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकलात की पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून जड आहे. मग २४ मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर पाणी. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. तशा दोन पट्ट्या उभ्या जोडल्या तरी कमी पडतील, एवढ्या उंचीच्या पाण्याचा भार मामूंच्या पोटातील प्रत्येक नाजूक रक्तवाहिनीवर चोवीस तास होता.

आता फळ्यावरचे एक साधे गणित करू. शरीराचा सरासरी रक्तदाब ९० आणि पोटातला दाब ६ असेल, तर पोटातल्या अवयवांत रक्त ढकलायला ८४ उरतात. आजारात रक्तदाब ६५ वर आला आणि पोटातला दाब २४ झाला, तर उरतात फक्त ४१. म्हणजे निम्म्याहूनही कमी. मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही, म्हणून लघवी घटते. हृदयाकडे परतणाऱ्या शिरा दबतात, म्हणून हृदय रिकामे पडते. पडदा वर ढकलला जातो, म्हणून फुप्फुसे फुलत नाहीत. आतड्यांना रक्त कमी मिळाले की ती आणखी सुजतात, आणि सुजली की दाब आणखी वाढतो. हे चक्र आपोआप थांबत नाही.

हे ज्ञान तसे जुने आहे. जर्मनीत वेंट यांनी १८७६ साली वाढलेल्या दाबाचा आणि घटलेल्या लघवीचा संबंध दाखवला होता. अमेरिकेत इमर्सन यांनी १९११ साली प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की असा दाब वाढत गेला तर हृदय थकते. तरीही पुढे कित्येक वर्षे रुग्णालयांत याची दखल क्वचितच घेतली जाई, कारण खाटेवरच्या रुग्णाचा दाब मोजायची सोय हाताशी नव्हती. १९८४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे क्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीच्या नळीतून तो मोजण्याची पद्धत मांडली आणि पोट पुन्हा उघडायचे की नाही हे त्या आकड्यावरून ठरवावे असे सांगितले. २००४ साली या विषयासाठी एक जागतिक संस्था स्थापन झाली आणि तिने वर दिलेले आकडे निश्चित केले.

मोजण्याची रीत ऐकून आपल्याला नवल वाटेल. रुग्णाला उताणे झोपवतात. लघवीच्या नळीतून मूत्राशयात फार तर २५ मिलिलिटर सलाईन सोडतात. कमरेच्या हाडाजवळ कुशीच्या मध्यावर शून्य धरतात आणि रुग्णाने श्वास सोडल्यावर आकडा वाचतात. तेवढेच! हे काम बहुधा परिचारिका करते, आणि धोका असलेल्या रुग्णात दर चार ते सहा तासांनी करते. पोट हाताने दाबून हे का कळत नाही, असे कोणी विचारील. अनुभवी डॉक्टरांच्या हातांची परीक्षा घेतली गेली, तेव्हा वाढलेला दाब जवळपास निम्म्या वेळा हाताला समजलाच नाही. मग आपल्या हिंगाच्या बोटाला तो कसा समजावा?

उपाय पायरीपायरीने होतात. नाकातून नळी घालून जठर रिकामे करतात, गुदमार्गे वायू काढतात, वेदना शमवून स्नायू सैल करतात, साठलेले पाणी नळीने काढतात आणि जादा सलाईन आवरतात. एवढ्यानेही भागले नाही तर पोट उघडून दाब मोकळा करतात. उघड्या आतड्यांवर तात्पुरते आच्छादन घालतात आणि सूज उतरली की लवकरात लवकर पोट शिवतात. कोलंबियातील बोगोटा येथे ओस्वाल्दो बोरराएस या तरुण डॉक्टरने १९८४ साली सलाईनची रिकामी पिशवी कापून असे आच्छादन केले. ‘बोगोटा पिशवी’ या नावाने ते जगभर वापरले गेले. पोट उघडे ठेवणे म्हणजे रुग्णाला सोडून देणे नव्हे. मला मात्र त्या दिवशी तसेच वाटले होते.

पालकहो, येथे सलाईनविषयी दोन शब्द. अंगात थोडी कसर आली की आपण डॉक्टरांकडे हट्ट धरतो, ‘एक सलाईन चढवा.’ जुलाबात, डेंग्यूत, रक्तस्रावात सलाईन जीव वाचवते, यात शंका नाही. पण अतिगंभीर रुग्णात गरजेपेक्षा जास्त गेलेले पाणी आतडी सुजवून हाच दाब वाढवते. म्हणून किती द्यायचे हे डॉक्टरांवर सोडा. डेंग्यूत रक्तातले पाणी झिरपून पोटात साठू शकते. ताप उतरू लागतो तेव्हाच खरा धोक्याचा काळ असतो. त्या वेळी पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, रक्त पडणे किंवा मूल मलूल होणे दिसले, तर ‘ताप तर उतरला’ म्हणून घरी थांबू नका.

आपला माणूस अतिदक्षता विभागात असेल, तेव्हा चार गोष्टी पाळा. विचारल्याशिवाय त्याच्या तोंडात पाणी वा काढा घालू नका. फुगलेले पोट चोळू नका. घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलावे आणि नम्रपणे विचारावे, “लघवी किती झाली? पोटातला दाब मोजला का?” आणि कागद समजला नाही तर लाज न बाळगता म्हणावे, “साहेब, मला समजले नाही, पुन्हा सांगा.” हे एक वाक्य मी त्या दिवशी बोललो असतो, तर तीन तास वाचले असते.

मामू वाचले. या अवस्थेतून पुष्कळ रुग्ण वाचत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही आठवडे त्यांना डायलिसिस लागले. आज ते पोटाला पट्टा बांधतात, पोते उचलू शकत नाहीत. त्या तीन तासांमुळे यातले किती झाले, हे मी डॉक्टरांना कधी विचारलेले नाही.

एक गोष्ट मात्र मी विसरलेलो नाही. तो चोवीसचा आकडा रात्री तीन वाजता एका परिचारिकेने वाचला होता. ती आपल्यासारख्याच एका तालुक्याच्या गावची शेतकऱ्याची मुलगी होती. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. जी वाट पूर्वी अकोला, यवतमाळ, नागपूरला जात होती, ती आता आपल्या जिल्ह्यातही आली आहे. मुलींनो, त्या वाटेवर केवळ रुग्णाचे नातेवाईक म्हणून जाऊ नका. परिचारिका होऊन जा, डॉक्टर होऊन जा. आणि पालकहो, दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवण्याचा विचार मनात आला, तर रात्री तीन वाजता तो आकडा वाचणारी ती मुलगी आठवा. तिच्या वडिलांनी तिला शिकू दिले, म्हणून माझे मामू आज घरी आहेत.