निळे चित्रपट, त्यांचे समीक्षक आणि त्यांचे पुरस्कार



पत्रिकेवर आजच्या विषयाला 'चित्रपट-समीक्षेचा एक अपरिचित कोपरा' असं सोज्वळ नाव छापलं आहे. संयोजकांची अडचण मला कळते. पण सभागृह एवढं भरलंय ते खरा विषय कानोकानी पोचल्यामुळेच, तेव्हा आडपडदा नको. बोलायचं आहे अमेरिकेतल्या निळ्या चित्रपटांबद्दल, आपल्याकडच्या पोरांच्या भाषेत 'बीपी'बद्दल. आणि त्यातही ते चित्रपट गंभीरपणे बघून, त्यांच्यावर लिहून, त्यांना पुरस्कार देणाऱ्या समीक्षकांबद्दल.

ज्या चित्रपटाकडून प्रेक्षकाची अपेक्षा एकच, त्याला समीक्षक हवा कशाला? याचं पहिलं उत्तर थिएटरात नाही, कोर्टात सापडतं.

जून १९७२. न्यूयॉर्कमध्ये ४९व्या रस्त्यावरच्या 'वर्ल्ड' थिएटरात 'डीप थ्रोट' लागला. दिग्दर्शक जेरार्ड दामियानो हे पूर्वी केशभूषेच्या धंद्यातले. चित्रपट जेमतेम तासाभराचा, निर्मिती कामचलाऊ. पण रांगेत प्रतिष्ठित जोडपी उभी राहू लागली आणि जानेवारी १९७३मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या लाटेवर लेख छापून तिला 'पोर्नो शिक' म्हटलं. दरम्यान थिएटरवर खटला भरला गेला होता. त्यावेळचा निकष १९६६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला होता: एखाद्या कृतीत सामाजिक मूल्य मुळीच नसेल तरच ती अश्लील. म्हणजे बचाव पक्षाला तोळाभर मूल्य दाखवता आलं तरी पुरे! ते दाखवायला आर्थर नाइट साक्षीला आले. 'सॅटरडे रिव्ह्यू'चे समीक्षक, विद्यापीठात सिनेमा शिकवणारे गृहस्थ. उपयोग झाला नाही. १ मार्च १९७३ रोजी न्यायमूर्ती जोएल टायलर यांनी चित्रपट अश्लील ठरवला. पण निळ्या चित्रपटाच्या बाजूने समीक्षकाने पिंजऱ्यात उभं राहायचं, हा पायंडा त्या काळात रुळला.

त्याच वर्षी जूनमध्ये 'मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी नवी कसोटी आली. आता तोळाभर मूल्य चालेना. समग्र कृतीला साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक असं गंभीर मूल्य असावं लागणार होतं. आपल्याकडेही हा वाद नवा नाही. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि १९६९मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी भारतीय दंडविधानाच्या कलम २९२मध्ये साहित्य-कलेसाठी अपवाद घातला गेला. कायद्याने एकदा 'मूल्य' हा शब्द उच्चारला की ते मोजणारा माणूस शोधावाच लागतो.

असो. उद्योगाने मात्र आधी स्वतःच स्वतःला ओवाळून घेतलं. निर्माते आणि थिएटरवाल्यांची 'अडल्ट फिल्म असोसिएशन ऑफ अमेरिका' १९६९पासून होती. तिने १९७७मध्ये लॉस एंजेलिसात पुरस्कार सुरू केले. पहिल्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट 'द ओपनिंग ऑफ मिस्टी बेथोवन'. दिग्दर्शक रॅडली मेट्झगर, पडद्यावरचं नाव हेन्री पॅरिस. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' म्हणजे आपल्या 'ती फुलराणी'चं मूळ. तेच कथानक इथेही आहे, यावर आपल्यातल्या नाट्यरसिकांनी वाईट वाटून घेऊ नये. चित्रपटाची निवड रास्तच होती. पण पुरस्कार घरचाच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी स्वतंत्र पुरस्कार देऊन पाहिले. ते काही वर्षांत बंद पडले.

मग व्हिडिओ आला आणि थिएटरचा माणूस घरी बसून बघू लागला. कॅसेटींचा पूर आला, आणि दुकानदाराला प्रश्न पडला की यातली कुठली घ्यायची. फिलाडेल्फियातल्या पॉल फिशबाइन यांनी दोन साथीदारांसह १९८३मध्ये 'अडल्ट व्हिडिओ न्यूज' काढलं ते या दुकानदारासाठी. त्यात परीक्षण म्हणजे जवळपास खरेदीची शिफारस. पुढच्याच वर्षी त्यांचे पुरस्कार सुरू झाले आणि यथावकाश ते लास व्हेगासचा जंगी सोहळा झाले. वर्तमानपत्रवाले त्यांना या धंद्याचं ऑस्कर म्हणतात. मला ही उपमा पटत नाही. व्यापारी मासिकाला जाहिरात देणारेही तेच, परीक्षण ज्यांचं करायचं तेही तेच आणि पुरस्कार घेणारेही तेच. अशा घरात समीक्षेने किती मोकळं बोलावं?

याच सुमारास, १९८४मध्ये, लॉस एंजेलिसात या विषयावर लिहिणाऱ्या काही पत्रकारांनी 'एक्स-रेटेड क्रिटिक्स ऑर्गनायझेशन' स्थापन केली. पुढाकार जिम हॉलिडे आणि जॅरेड रटर यांचा. पहिला समारंभ १४ फेब्रुवारी १९८५ रोजी, व्हॅलेंटाइन्स डेलाच, सनसेट स्ट्रिपवरच्या 'गझारीज' या रॉक क्लबात झाला. यात धाडस होतं. कसलं म्हणाल, तर कॅलिफोर्नियात त्या वेळी असा चित्रपट काढणाऱ्यावर कलावंतांना पैसे दिले म्हणून वेश्याव्यवसायाला चालना दिल्याचा गुन्हा लागू शकत होता. निर्माते हॅरोल्ड फ्रीमन यांच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये तो रद्द ठरवला. म्हणजे पहिले तीन-चार समारंभ झाले ते ज्या कामाबद्दल तुरुंग दिसू शकतो त्या कामाचं कौतुक म्हणून!

हॉलिडे हा माणूस मला रंजक वाटतो. तो या चित्रपटांचा बखरकार. कुठल्या चित्रपटात कोण, कधी, कुणाच्या हाताखाली, हे त्याला पाठ. १९८६मध्ये त्याने 'ओन्ली द बेस्ट' हे पुस्तक लिहिलं. ज्या चित्रपटांच्या प्रिंट्स सांभाळायला फारसं कुणी पुढे येत नव्हतं, ज्यांतली माणसं खोट्या नावांनी वावरत होती, त्यांची नोंद ठेवायचं काम या संघटनेच्या 'हॉल ऑफ फेम'ने केलं. जिला कुणी विचारलं नाही अशा अभिनेत्रीसाठी त्यांनी खास वेगळा पुरस्कारही ठेवला. सोहळा सार्वजनिक नसे, तिकिटं विकली जात नसत. येत ती धंद्यातलीच मंडळी. समीक्षेचं एक जुनं कर्तव्य, विसरलेल्याची आठवण ठेवणं, ते यांनी इमानाने केलं.

आता माझी तक्रार. 'डीप थ्रोट'ची नायिका लिंडा लव्हलेस, खरं नाव लिंडा बोरमन, हिने १९८०मध्ये 'ऑर्डील' या आत्मकथनात लिहिलं की हे सगळं आपण तत्कालीन पतीच्या मारहाणीला आणि धाकाला भिऊन केलं. अशा चित्रपटांची चौकशी करायला अमेरिकी सरकारने नेमलेल्या मीझ आयोगापुढेही १९८६मध्ये तिने तेच सांगितलं. तिच्या सांगण्यावर त्यावेळी वाद झाले, आजही होतात. पण ज्या चित्रपटाला समीक्षकांनी मानाच्या यादीत बसवलं, त्यावर हा प्रश्न लटकलेला होता आणि पुरस्काराच्या कुठल्याही निकषात त्याला जागा नव्हती. छायाचित्रण बघितलं, संवाद बघितले, अभिनयसुद्धा बघितला. समोरच्या बाईची संमती होती का, हे परीक्षकाच्या कक्षेबाहेर राहिलं. हा दोष एकट्या हॉलिडेच्या मंडळींचा नाही. सगळी सिनेसमीक्षा पडद्यावर थांबते. पण इथे त्याची किंमत जास्त होती.

तो प्रश्न निकषात आणला स्त्रियांनी. टोरोंटोच्या 'गुड फॉर हर' या दुकानाने २००६मध्ये स्त्रीवादी पुरस्कार सुरू केले. निर्मितीत, लेखनात किंवा दिग्दर्शनात स्त्रीचा हात असावा आणि पडद्यावर स्त्रीचं खरं सुख दिसावं, अशा त्यांच्या अटी. बर्लिनमध्ये लॉरा मेरिट यांनी २००९मध्ये 'पोरयेस' पुरस्कार काढला. त्यात कलावंतांची संमती आणि कामाची परिस्थिती हाच परीक्षणाचा भाग आहे.

याच काळात धंदा मात्र दुसरीकडे गेला. फुकट व्हिडिओ दाखवणाऱ्या संकेतस्थळांनी कॅसेटवाले आणि मासिकं दोघांनाही धुऊन नेलं. २०१८मध्ये 'पॉर्नहब'ने लॉस एंजेलिसात आपले पुरस्कार जाहीर केले, गायक कान्ये वेस्टच्या सर्जनशील दिग्दर्शनाखाली. तिथे कोण किती पाहिलं गेलं हाच मुख्य हिशेब. समीक्षकाची गरजच उरली नव्हती. दोनच वर्षांनी, डिसेंबर २०२०मध्ये, शोषणाच्या व्हिडिओंवरून गदारोळ झाला, कार्ड-कंपन्यांनी हात काढून घेतले आणि त्याच संकेतस्थळाला पडताळणी न झालेले लक्षावधी व्हिडिओ एका झटक्यात हटवावे लागले.

तेव्हा माझा कौल विचाराल तर तो असा: आकडे मोजणाऱ्या यंत्रापेक्षा हॉलिडे बरा, आणि हॉलिडेपेक्षा बर्लिनच्या बायका बऱ्या.