परदेशातील कायम रहिवास आणि परभणीचे घर
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याचे कारण उघड आहे. सेलू असो, जिंतूर असो वा गंगाखेड असो, मुले अमेरिकेत आणि आईवडील गावी, अशी घरे आपल्या ज्ञातीत आता पुष्कळ झाली आहेत. मुलगा वा मुलगी तेथील नागरिक झाली, वयाची २१ वर्षे पूर्ण असली, म्हणजे तिला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. आणि भावंडांच्या अर्जास जशी वर्षानुवर्षांची रांग असते तशी या अर्जास नसते. ग्रीन कार्ड हाती येते. पाचसहा महिने नातवंडांत सुखाने जातात. मग मृग जवळ येतो, बटाईदाराचे निरोप येऊ लागतात, आणि जीव परभणीकडे ओढ घेतो. एकदा आलेले पाऊल मग संक्रांत झाली तरी निघत नाही. कार्डाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

असा प्रश्न आपल्या जिल्ह्यास अगदीच अपरिचित आहे असे नाही. परभणी हैदराबाद संस्थानात होती तेव्हा सरकारी नोकरीसाठी माणूस ‘मुलकी’ असावा लागे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी घरात ऐकलेले असेल. बाहेरून आलेल्यास मुलकी ठरावयाचे तर राज्यात पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य हवे असे. परंतु तेवढ्याने भागत नसे. पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे, असे प्रतिज्ञापत्रही मॅजिस्ट्रेटपुढे करावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्यापुरते ते प्रकरण मिटले. वास्तव्याचे दिवस मोजूनही सरकार माणसाला शेवटी विचारते ते हेच, की तुझे घर कोठे? अमेरिकेचा कायदाही हेच विचारतो.

आपल्याकडे एक समज फार दृढ झाला आहे. सहा महिन्यांतून एकदा विमानतळावर पाय लावून आले की कार्ड शाबूत राहते, असे लोक एकमेकांस सांगतात. हा समज अर्धवट आहे, आणि अर्धवट म्हणूनच घातक आहे. १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या कार्डधारकाकडे तेथील अधिकारी नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहू शकतो, हे खरे. सलग एक वर्ष वा अधिक बाहेर राहिल्यास नुसते कार्ड परतीसाठी पुरत नाही, हेही खरे. परंतु सहा महिन्यांच्या आत गेलात म्हणजे निर्धास्त झालात, असे कोठेही लिहिलेले नाही. बाहेरचा मुक्काम तात्पुरता होता काय, यावर सारे अवलंबून असते. १९७५ मध्ये तेथील अपील मंडळापुढे एका बाईचे प्रकरण आले. ती वर्षातील बहुतेक काळ जमैकात राहून भाडेकरूंचे घर चालवी आणि अमेरिकेस थोड्या दिवसांसाठी जाऊन येई. तिचा कायम रहिवास संपला असाच निर्णय झाला. दरसाल जाणे तिच्या उपयोगी पडले नाही, कारण तिचे खरे घर जमैकात होते.

उलट, मेक्सिको वा कॅनडात राहून रोज सीमा ओलांडून अमेरिकेत कामाला जाणाऱ्यांची कार्डे १९७४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली. परभणीहून रोज कामाला जाणे कोणास शक्य नाही, तेव्हा या दाखल्याने आपण हुरळून जाण्याचे कारण नाही.

मग मार्ग कोणता? आजारी भावाची शुश्रूषा, जमिनीची वाटणी, घराचे बांधकाम अशा ठराविक कामासाठी एक वर्षाहून अधिक राहणे भाग असेल, तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना घ्यावा. तो सामान्यतः दोन वर्षांचा असतो. अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, येथे आल्यावर सुचून उपयोग नाही. मागील पाच वर्षांतील चारांहून अधिक वर्षे बाहेर गेली असतील तर तो बहुधा एकाच वर्षाचा मिळतो. परवाना नसताना वर्ष उलटलेच, तर मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागता येतो. मात्र विलंब आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला हे कागदांनिशी दाखवावे लागते. इस्पितळाची कागदपत्रे म्हणूनच टाकून देऊ नयेत.

विमानतळावर अधिकाऱ्याने आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर तो म्हणजे कार्ड सोडल्याची संमती आहे, हे ध्यानात असू द्यावे. त्यावर सही करण्याची सक्ती नाही. सही नाकारून आपले म्हणणे न्यायाधीशापुढे मांडण्याचा हक्क कार्डधारकास असतो. वीस तासांच्या प्रवासाने थकलेले, इंग्रजी अडखळत बोलणारे आपले वृद्ध ‘सांगतील तेथे सही’ करून मोकळे होतात. मुलांनी निदान एवढे तरी त्यांस आधी समजावून सांगावे.

करांची बाब याहून नाजूक आहे. कार्डधारकास जगभरातील उत्पन्न अमेरिकेस कळवावे लागते. आपले शेतीचे उत्पन्न भारतात आयकरमुक्त आहे, तेथे नाही. येथील बँकांतील सर्व ठेवी मिळून वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरांवर गेल्या, तर त्याचीही निराळी माहिती द्यावी लागते. स्वतःस अनिवासी म्हणवून कर वाचविणारा आपल्या हातानेच आपण तेथील रहिवासी नसल्याचा पुरावा लिहून देतो. आणि कार्ड कपाटात ठेवून विसरलात तरी रीतसर परत करीपर्यंत कराची जबाबदारी उरतेच. आठ वर्षांहून जुने कार्ड सोडताना तर जाणत्या हिशेबनिसास विचारल्यावाचून पाऊल उचलू नये.

अन्य देशांचे नियम थोडक्यात सांगतो. कॅनडा दिवसच मोजतो : पाच वर्षांत ७३०, आणि नागरिक असलेल्या पतीबरोबर वा पत्नीबरोबर परदेशी काढलेले दिवसही त्यात धरतो. ब्रिटनचा कायम रहिवास सलग दोन वर्षांहून अधिक अनुपस्थितीने सामान्यतः संपतो. ऑस्ट्रेलियात राहण्याचा हक्क टिकतो, पण ये-जा करण्याची मुभा पाच वर्षांची. ती नव्याने मागावी लागते.

कोणी विचारतील, मग नागरिकत्वच का घेऊ नये? त्यासाठी सामान्यतः पाच वर्षांचा सलग रहिवास आणि त्यात तीस महिने प्रत्यक्ष तेथे असणे लागते. सहा महिन्यांहून लांबलेली एकच गैरहजेरी तो सलगपणा मोडू शकते. शिवाय ते घेतले की भारताचे नागरिकत्व जाते, मतही जाते. ओसीआय कार्डावर येथे येता-राहता येईल, वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळेल. पण नवी शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि विकावयाची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावी लागेल.

आमचे स्पष्ट मत असे की, ज्यांचे चित्त येथेच रमते, त्यांनी वर्षातून दोनदा जिवाचा आटापिटा करून ते कार्ड ओढीत नेऊ नये. गुडघे दुखत असता केवळ शिक्क्यासाठी महासागर ओलांडावा, तिकिटांस पैसे घालावेत, आणि प्रत्येक खेपेस अधिकाऱ्यापुढे धडधडत्या छातीने उभे राहावे, यात मुलांचे प्रेम असले तरी वृद्धांचे सुख नाही. कार्ड सन्मानाने परत करून पर्यटक व्हिसा मागता येतो. तो मिळेलच अशी हमी नाही. पण मिळाला तर एका खेपेस बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते, आणि नातवंडांस भेटावयास तेवढे पुष्कळ होतात. पुढे दिवस पालटले, एकटेपण आले, तर नागरिक असलेल्या मुलास पुन्हा अर्ज करता येतो. ज्यांस मात्र खरोखर तेथेच राहावयाचे आहे, त्यांनी पेरणी बटाईदारावर सोपवावी आणि येथील मुक्काम आखडता घ्यावा.

कार्ड परत करावयाचे ठरल्यास तोच आय-४०७ फॉर्म भरून कार्डासह टपालाने अमेरिकेस पाठविता येतो. पाठविण्यापूर्वी दोहोंची प्रत काढावी आणि टपालाची पावती व येणारे उत्तर एकत्र जपून ठेवावे. व्हिसाच्या मुलाखतीत आणि शेवटच्या करपत्रकाच्या वेळी त्यांचीच विचारणा होऊ शकते.